चोवीसचं की पन्नासचं

सलग तिसऱ्या दिवशी आण्णासाहेबांनी ताट सरकवलं. रागानं सरकवलं असतं तर कस्तुराबाईला परवडलं असतं. बावन्न वर्षं त्या रागाशीच तिनं संसार केला होता. पण आण्णासाहेबांनी दोन्ही हातांनी ताट हळूच पुढं सारलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि पाव्हण्या बाईशी बोलावं तशा आदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला तसदी घेता? आमची मंडळी मळ्यात गेलीया. ती आली की जेवीन."

मळ्यात गेलेली ती मंडळी म्हणजे कस्तुराबाई. अन् ताट घेऊन पुढ्यात उभी होती तीही कस्तुराबाईच.

"अवो, मीच हाय ती! डोळं फुटलं का तुमचं?"

"असं व्हय," आण्णासाहेब म्हणाले, आणि दाराकडं बघत बसले.

तेरच्या त्या घरात कस्तुराबाईच्या तोंडाला आजवर कुणी पुरं पडलं नव्हतं. पण ज्याला आपण कोण हेच ठाऊक नाही त्याला शिव्या तरी कुठल्या नात्यानं द्यायच्या? ती ताट घेऊन आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

विसरणं वर्षभरापासून चाललं होतं. आधी फोनचे नंबर गेले, मग गल्लीतल्या माणसांची नावं, मग वार. सगळं एकेक करून जात होतं तेव्हा कस्तुराबाईनं मनाशी धरलं होतं की आपली पाळी येणार नाही. सगळी विसरतील, आपण उरू. ते मंगळवारी मोडलं. चहा आण्णासाहेब कुणाच्याही हातचा घेत, चहाला काय, पाव्हण्याच्या घरीही माणूस चहा पितो. पण जेवण घरच्या बाईनं वाढल्याशिवाय त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की राहिली होती, आणि तीच आता गळ्याशी आली होती.

काल धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बळजबरी करू नका. ओळखीच्या माणसांचे फोटो डोळ्यांपुढं ठेवा, जुनं काही दाखवा. तरी शनिवारपर्यंत जेवले नाहीत तर दाखल करावं लागेल, नाकातून नळी घालू. मुलगा कृष्णराज पुण्याला असतो. तो शनिवारी दुपारपर्यंत गाडी घेऊन येणार होता. नळीचं नाव ऐकल्यापासून कस्तुराबाईला दुसरं काही सुचत नव्हतं. घरातल्या बाईच्या हातचा घास घेईना तो माणूस परक्या पोरींकडून नाकात नळी घालून घेईल? उपसून फेकील. मग ते त्याचे हात खाटंला बांधतील. तिला ते बांधलेले हात दिसायला लागले होते.

"आज्जी, फोटो काढू या तुझा," हर्षाली म्हणाली.

हर्षाली ही कृष्णराजचीच पोरगी. धाराशिवच्या कॉलेजात शिकायला म्हणून तेरला आजीकडं राहायची, रोज एसटीनं ये-जा करायची. बापानं तिला कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा आणून दिला होता. त्याचं जवळ-लांब होणारं मोठं भिंग महिन्याभरात अडकून बसलं. फिरवलं की दळणात खडा आल्यासारखा आवाज करायचं. म्हणून ती आता एक लहान, रोज पिशवीत टाकून नेता येईल असं भिंग बघत होती. धाराशिवच्या बसस्टँडजवळच्या बब्रुवान फोटोवाल्यानं तिला दोन भिंगं देऊन ठेवली होती. वापरून बघ, एक ठेव, एक शनिवारी परत आण, असं सांगून.

हर्षालीनं दोन्ही पलंगावर मांडली. एक अगदी चपटं, जाड पुरीएवढं. त्याच्या कडेवर चोवीस आकडा. दुसरं त्याहून उंच, फुलपात्राच्या बुडासारखं, त्यावर पन्नास.

"ह्यात काय फरक?" कस्तुराबाईनं विचारलं. आकडे तिला वाचता येत होते. शाळेत दोन पावसाळे काढले होते तिनं.

"चोवीसची लेन्स पसरून बघते. खोलीत उभं राहिलं तर निम्मी खोली येते. पन्नासची तेवढंच निवडून घेते. दोन्हींना झूम नाही. जवळ-लांब पाहिजे तर आपणच पुढं-मागं व्हायचं."

"म्हंजे भिंगाचं काम तू तुझ्या पायानं करायचं. मग त्याला कशाला पोसायचं?"

"म्हणून तर ती एवढीशी असते. हलकी. शिवाय उजेड जास्त घेते, घरात फ्लॅश लागत नाही." हर्षाली दोन्ही उचलून पुन्हा ठेवत होती. चार दिवस तिचं हेच चाललं होतं. "पन्नासनं चेहरा लई देखणा येतो आज्जी. पण आपल्या खोल्या एवढ्याशा, एसटीत तर मागं सरकायला जागाच नसते. रोजच्यासाठी चोवीसची बरी. पण मग चेहऱ्यांचं काय? एकदा घेतली की घेतली."

"नवरा करताना एवढा इचार करशील का?" कस्तुराबाई म्हणाली. "काढ कशानंबी. पण आज काढ. परवा शनिवार हाय."

ट्रंकेतलं जांभळं इरकल नेसून, कुंकू ठळक लावून, चष्मा पुसून ती सोप्यात खुर्चीवर बसली. हर्षालीनं आधी फोननं काढला, मग जवळ जाऊन चोवीसच्या भिंगानं, मग सोप्याच्या पार दारापर्यंत मागं जाऊन पन्नासच्यानं. दुपारच्या एसटीनं जाऊन ती बब्रुवानच्या दुकानातून तिन्ही मोठे छापून घेऊन आली. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं: कस्तुराबाई.

कस्तुराबाईनं पहिला हातात घेतला. "माझं नाक काय एवढं भज्यावाणी हाय?"

"फोन जवळ धरला ना, म्हणून. जवळून काढलं की नाक पुढं येतं."

"अन् ह्ये चोवीसचं?"

"त्यातपण थोडं तसंच. मी लईच जवळ गेले."

तिसरा फोटो मात्र कस्तुराबाईनं लांब धरून, जवळ धरून, उजेडात नेऊन बघितला. मागचं सगळं विरघळून गेलं होतं आणि तिचा चेहरा तेवढा उठून आला होता. जबडा कसा ताठ, कपाळ कसं भरलेलं. पाटलाच्या घरची लेक आहे हे न सांगता कळत होतं. "ह्येच भिंग ठेव," तिनं लगेच फर्मावलं. "दुसरं दे फेकून."

"आधी आण्णांना दाखवू."

आण्णासाहेब चौकटीजवळच्या खुर्चीत बसले होते. दोन दिवसांत त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी मोठी झाल्यासारखी दिसत होती. हर्षालीनं पहिला फोटो हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला. "ढोकीची मावशी का?"

दुसरा बघून म्हणाले, "हिला सर्दी झालीया."

तिसऱ्यावर मात्र ते थांबले. कस्तुराबाई दाराआड उभी होती. आण्णासाहेबांनी टोपी सारखी केली. "चांगल्या घरची बाई दिसती," ते म्हणाले. "कुणाकडं आलीया?"

हर्षालीनं फोटोखालच्या नावावर बोट ठेवलं. "नाव वाचा की आण्णा."

"कस्तु-राबाई," त्यांनी वाचलं. "व्हय का. बरं बरं."

कस्तुराबाई तरातरा पुढं आली आणि पोरीच्या हातातून फोटो ओढून घेतला. आत नेऊन तिला म्हणाली, "नाव कशाला लिवलंस येडे? ह्यांनी कधी नाव घेतलंय का माझं? म्या तरी घेतलंय का ह्यांचं?"

"मग काय म्हणायचे तुला?"

"कृष्णा झाल्यावर कृष्णाची आई. त्याच्या आधी नुस्तं 'ऐकलं का'."

पोरीनं नाव खोडून कृष्णाची आई लिहिलं आणि पुन्हा नेलं. ह्या खेपेला आण्णासाहेबांनी बराच वेळ बघितलं. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर जरा नाराजी आली, जसं कुणी खोटं माप दाखवल्यावर यावी. "न्हाय," ते म्हणाले. "कृष्णाची आई म्हातारी न्हाय."

त्या दिवशी कस्तुराबाईही जेवली नाही. हर्षालीला म्हणाली पोट जड झालंय.

शुक्रवारी आण्णासाहेब उठताना भिंतीला धरायला लागले. हर्षालीनं फोनमध्ये काहीतरी करून आजीच्या फोटोवरच्या सुरकुत्या काढल्या, केस काळे केले. कस्तुराबाईनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ही तर श्रीदेवी दिसती! माझी धाकटी जाऊ! पावडर थापून हिंडायची तशीच." आण्णासाहेबांनी मात्र फोटो बघून विचारलं, श्रीदेवी कधी आली? तेव्हा कस्तुराबाईला हसू आलं नाही. धाकट्या जावंला ओळखलं. बारा वर्षांपूर्वी मेलेल्या जावंला ओळखलं, आणि आपण ताट घेऊन उभं असताना आपल्याला तुम्ही म्हणतात.

कृष्णराजचा फोन आला. "आई, मी दवाखान्यात खाट सांगून ठेवलीय. तू घाबरू नको."

"म्या कशाला घाबरती? तू गाडी सावकाश आण." फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं की पदराचं टोक तिनं दातात धरून फाडलंय.

शनिवारी सकाळी आंघोळीचं पाणी तापवायला ती मागच्या अंगणात गेली. नवं घर बांधताना जुनं पाडलं तरी मागची चूल तिनं मोडू दिली नव्हती. वर पत्रा, एका बाजूला न्हाणीची जुनी दगडी भिंत, समोर पाण्याची टाकी. पाणी तापवण्यापलीकडं त्या चुलीचा आता उपयोग नव्हता. गुडघे गेल्यापासून तीन वर्षं स्वयंपाक आतल्या ओट्यावर, गॅसवर, उभ्यानं. आज मात्र ती पाटावर बसली, कारण उभं राहायची ताकद नव्हती. तुराट्या सारल्या, धूर आला, डोळं झोंबायला लागलं तसा चष्मा काढून खाली ठेवला आणि पदर कपाळापर्यंत पुढं ओढला.

बाजूनं खट्कन आवाज झाला. हर्षाली न्हाणीच्या भिंतीकडून फोटो काढत होती.

"बाप गाडी घेऊन निघालाय अन् तुला खेळ सुचतो?"

"आज भिंग परत द्यायचंय आज्जी. अजून ठरत नाही. म्हटलं शेवटचं बघावं." पोरीचा आवाज रडवेला होता. तिलाही कळत होतं की भिंगाचं ठरवणं हे दवाखान्याचा विचार टाळण्यासाठी चाललंय.

"बघू," कस्तुराबाईनं हात पुढं केला. चष्म्याशिवाय तिला कॅमेऱ्याच्या काचेवरचं धुरकट दिसलं, म्हणून हात लांब करून बघितलं. एका बाजूनं पदर, पदराच्या कडेला नाकाचा शेंडा, हनुवटी. डोक्यावरचं पांढरं झाकलेलं. वय कुठंच दिसत नव्हतं. चूल आणि चुलीपुढं बाई.

तिनं कॅमेरा परत दिला. मग म्हणाली, "हर्षे, आमाला फोटो काढायची अक्कल न्हाय."

"का गं?"

"ह्यांनी मला समोरून कधी बघितलंय? सासूबाई बसायच्या तिथं उंबऱ्यात. नवऱ्याकडं तोंड करून बसायची टाप होती का सुनंची? लग्नात अंतरपाट खाली झाला तेवढंच समोरून, अन् तवाबी म्या खालीच बघत होते."

"चार पोरं झाली की गं तुला."

"दिवा मालवून झाली. तोंड वर करून बोलू नको." पण तिचं लक्ष बोलण्यात नव्हतंच. "ह्ये जेवायला बसायचे, म्या चुलीकडं तोंड करून भाकरी थापायची. एका अंगानं दिसायची तेवढीच. तीस वर्षं तेवढीच बघितली. त्यांची बायको ती हाय. तुझ्या फोटोतली पाटलीण त्यांनी वळखायची कशी?"

तिनं चुलीवरचं पाणी उतरवलं. "आतून काठवट आण, पीठ आण, तवा आण. बेसन केलेलं हाय ते अन् ठेचा आण, ताट आण. अन् ह्यांच्या जागंवरून काढ फोटो. त्यो छापून दाखवू."

"त्यांची जागा कुठली?"

तिथं कस्तुराबाई अडली. जुनं स्वयंपाकघर ह्याच चुलीभोवती होतं, पण भिंती गेल्या, उंबरा गेला, मधला खांब गेला. सगळीकडं नुसती फरशी. कुठं बसायचे ते? इथं? का तिथं? ती मान वळवून बघायची नाही तेव्हा, मग तिला तरी कसं ठाऊक असणार? वेळ चालली होती. कृष्णाची गाडी कुठंवर आली असेल, टेंभुर्णी, बार्शी? "असं कर," ती म्हणाली, "म्या सांगते त्यांना काय दिसायचं. ह्ये एकदा म्हणले होते, बसल्या जागंवरून तुझ्या बांगड्यापासून डोईच्या पदरापर्यंत दिसतं, पाय दिसत न्हाईत. तेवढंच दिसंल तिथं बस."

हर्षालीनं चोवीसचं चपटं भिंग लावलं. त्यात पत्रा आला, टाकी आली, दोरीवरचे टॉवेल आले, साबणाचा डबाही आला. "ह्यानं नाही व्हायचं," ती म्हणाली आणि पन्नासचं चढवलं. जमिनीवर बसली. "नुसता कान येतोय." बसल्या बसल्या मागं सरकली. "आता तोंड येतंय. बांगड्या नाहीत." आणखी मागं. कस्तुराबाई समोर बघत पीठ मळत होती. गुडघ्यातनं कळा येत होत्या आणि ती नुसती हुं हुं करत होती. "आता बांगड्या आल्या. पदर कापला जातोय." आणखी वीतभर. पाठ न्हाणीच्या भिंतीला टेकली तेव्हा हर्षाली म्हणाली, "आलं. सगळं आलं. पाय नाहीत."

"तिथंच ऱ्हा. हलू नको." कस्तुराबाईनं पहिली भाकरी थापायला घेतली. तीन वर्षांत बसून थापली नव्हती, पण हात विसरले नव्हते. थप थप थप थप, काठवट फिरत गेली.

त्या आवाजात तिला पायांचा आवाज आला नाही. हर्षालीचा कॅमेरा वाजायचा थांबला तेवढं कळलं. मग डाव्या अंगाला कुणीतरी म्हणालं, "सरक गं पोरी. तिथं म्या बसत असतो."

कस्तुराबाईचा हात भाकरीवर तसाच राहिला.

फरशीवर हात टेकल्याचं, गुडघे मोडल्याचं, भिंतीला पाठ लागल्याचं, सगळं तिनं कानानं ऐकलं. मान वळवायची नाही. वळवली तर सुरकुतलेलं, बिनचष्म्याचं, पांढऱ्या केसांचं तोंड समोर येईल आणि बाई, तुम्ही कशाला तसदी घेता, हे पुन्हा ऐकावं लागेल. तिनं पदर आणखी दोन बोटं पुढं घेतला आणि भाकरी तव्यावर टाकली. भाकरी जराशी फाटली. तिच्या हातून भाकरी फाटलेली गावात कुणी बघितली नव्हती.

ताट द्यायचं कसं? उठावं तर तोंड दिसणार. मग तिला सासूबाईंच्या वेळची रीत आठवली. नवऱ्याला काही सांगायचं असलं की सून पोरांना सांगायची, पोरं जवळच असायची. भाकरी भाजून तिनं ताटात टाकली आणि चुलीकडं बघतच म्हणाली, "हर्षे, ताट सरकव तिकडं. म्हणावं, गरम हाय तवर खावा."

हर्षालीनं ताट सरकवलं. "आण्णा, गरम आहे तोवर खावा म्हणते."

कस्तुराबाईनं दुसरी भाकरी थापून तव्यावर टाकली. तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा आला. कस्तुराबाईनं ती उलटली, मनात कुठल्याशा देवाचं नाव घ्यायला गेली तर एकही आठवेना.

"तिला म्हणावं," आण्णासाहेब म्हणाले, आणि त्या आवाजात आदब बिलकुल नव्हती, "बेसनात मीठ घातलंय का आज तरी?"

"घातलंय म्हणावं!" कस्तुराबाई म्हणाली. "चव बघून मग बोला म्हणावं."

आता खातात का नाही? घास मोडला का नुसते ताटाकडं बघत बसलेत? तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा प्रयत्न केला. पदराआडून न्हाणीचा दगड तेवढा दिसला. तिसरी भाकरी थापताना तिनं हर्षालीला खूण केली, भुवया उडवल्या. पोरगी आता भिंत आणि टाकीच्या मधल्या बोळात चेपून बसली होती. तिथून मान हलवली तर आण्णासाहेबांना दिसली असती. ती नुसती डोळे मोठे करून बघत होती. त्याचा अर्थ काय घ्यायचा? बरं का वाईट?

"काय चाललंय?" कस्तुराबाई तोंडातल्या तोंडात म्हणाली.

हर्षालीनं कॅमेरा उचलला आणि खाली केला. त्या बोळातून पन्नासच्या भिंगात आण्णांचा कोपर तेवढा येत होता. मागं सरकायला जागा नव्हती. तिनं मांडीवर ते भिंग फिरवून काढलं, घाईघाईनं चपटं चोवीसचं बसवलं. खट्ट झालं तसं आण्णासाहेबांनी विचारलं, "काय मोडलं गं?"

"काही न्हाय आण्णा."

"हळू. भांडी जपून."

मग तिनं एकदाच बटण दाबलं आणि वाकून, जमिनीवरून कॅमेरा काठवटीजवळ सरकवला, जसं मीठ द्यावं तसा.

कस्तुराबाईनं पिठाच्या हातानंच उचलला. चष्मा पाटाखाली कुठंतरी. तो शोधायला वाकलं तर पदर सरणार. तिनं हात लांब करून कॅमेरा चुलीच्या उजेडात धरला. त्या एवढ्याशा काचेत अख्खं अंगण मावलं होतं. टाकी, टॉवेल, साबणाचा डबा. डाव्या कडेला पदराचा एक ठिपका, ती आपण. उजव्या कडेला भिंतीला टेकलेला एक माणूस, टोपी मांडीवर काढून ठेवलेली. दोघांच्या मधी जाळाचा लाल ठिपका. माणसाचा हात वर होता, पण कुठवर वर, ते दिसेना.

"हात तोंडाकडं हाय का?" ती कुजबुजली.

हर्षालीनं पुढं वाकून अंगठ्यानं चित्र मोठं केलं. गाल फुगलेला होता. घास तोंडात होता. आणि तोंड चालवता चालवता तो माणूस जाळाकडं बघत नव्हता, ताटाकडं बघत नव्हता. पदराच्या ठिपक्याकडं बघत होता.

कस्तुराबाईनं ते बघितलं आणि पुन्हा बघितलं. मग कॅमेरा परत सरकवला. कॅमेऱ्यावर पिठाची पाच बोटं उठली.

"ह्येच ठेव," ती म्हणाली.

"हे? चोवीसचं? तूच म्हणाली होतीस पन्नासच्यात..."

"पन्नासच्यात मी एकटीच देखणी दिसते. मला काय करायचंय माझं देखणेपण? ह्यात दोघं दिसतोय. उद्यापासून म्या हितं बसणार अन् तू तिथं. मला घासगणिक दाखवत जा. ती दुसरी त्या बब्रुवानाला देऊन टाक."

"रोज इथं बसणार? गुडघे?"

"गुडघं माझं हायेत. तू तुझं भिंग बघ."

"काय बोलताव गं तुमी दोघी?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"भाकरी अजून वाढू का म्हणती," हर्षाली चटकन म्हणाली.

"इचारायची काय गोष्ट हाय? वाढ म्हणावं."

त्याच वेळी पुढच्या दाराशी गाडीचा भोंगा वाजला. कृष्णराज आला होता. ठरल्यापेक्षा दोन तास आधी. तो बूट वाजवत, आई, आई करत मागं येणार. समोर उभा राहणार. पिशवी भरली का विचारणार. आण्णासाहेब त्या पॅन्टवाल्या उंच माणसाकडं बघणार, टोपी डोक्यावर चढवणार आणि ताट पुढं सारणार.

"पळ," ती म्हणाली. "दारातच धर तुझ्या बापाला. म्हणावं, बूट काढून तिथंच गप बस. मागं पाऊल टाकशील तर आईशी गाठ हाय."

हर्षाली बोळातून निसटून घरात पळाली. अंगणात आता दोघंच राहिली. मधे कुणी पोर नव्हतं, आणि कॅमेराही हर्षालीच्या गळ्यात गेला. कस्तुराबाई चुलीकडं तोंड करून बसली होती. भिंतीकडून चावण्याचा आवाज येत होता का? का तो तुराट्यांचा तडतडाट? तिनं कान दिला. घरातून कृष्णाचं काहीतरी मोठ्यानं बोलणं, त्यावर पोरीचं दबकं उत्तर.

"ऐकलं का," भिंतीकडून आवाज आला. "ठेचा हाय का?"

पुढं द्यायला पोर नव्हतं. कस्तुराबाईनं ठेच्याची वाटी उचलली, मान चुलीकडंच ठेवून हात बाजूला लांब केला, जेवढा लांब होईल तेवढा. खांदा दुखला. वाटी तशीच हवेत राहिली, राहिली, आणि मग कुणीतरी ती अलगद काढून घेतली.

काठवटीत पिठाचा शेवटचा गोळा उरला होता. पीठ आणायला उठणं शक्य नव्हतं. तिनं त्या गोळ्याचे दोन केले, आणि लहान लहान भाकरी थापायला घेतल्या.